मागची खोली

दुपारचा चहा यायच्या आधी सारिकाच्या हाताखालचा माऊस जरासा सरकला आणि भिंत भरायच्या ऐवजी अख्खी खोलीच भरली गेली. भिंतीच्या दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेत क्लिक केलं की ती जागा तिरप्या बारीक रेघांनी भरून जाते, घरांचे नकाशे काढणाऱ्या त्यांच्या ऑफिसात त्याला सगळे हॅच म्हणायचे. सकाळपासून ती तेच करत होती. सोनगीरच्या एका बंगल्याचा तळमजला, बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या सहा इंची, एक झाली की दुसरी. या कामाला डोकं लागत नाही असं हितेंद्र सर म्हणायचे आणि सारिकाला ते कधी टोचलं नव्हतं. उलट डोकं न लागणारं काम मिळालं की तिला बरं वाटायचं, हात चालू राहायचा आणि मन कुठेतरी धुळ्यातल्या देवपूरच्या रस्त्यावरच्या हॉर्नांत, खालच्या दुकानातल्या प्लायवूडच्या वासात पडून राहायचं. पण मागच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराची जागा तिनं अजून तोडली नव्हती, चारही बाजूंनी रेघ बंद होती, त्यामुळे संगणकाला ती खोली म्हणजे एक जाडजूड भिंतच वाटली. स्वयंपाकघराच्या मागे पडद्यावर एक काळपट ठोकळा उभा राहिला. तो पुसायला एक बोट पुरे होतं. तिचं बोट जागचं हललं नाही.

असल्या चुका रोज होतात. हॉल भरला जातो, जिना भरला जातो, आणि आपण हसून मागे येतो. पण भरलेल्या हॉलमध्येही खिडक्यांच्या जागा कोऱ्या राहतात, कुठून तरी उजेड येतोय असं वाटतं. या ठोकळ्याला एकही कोरी जागा नव्हती. तिनं सरांनी दिलेला पेन्सिलचा कच्चा नकाशा पुढे ओढला. खोलीवर ‘स्टोअर’ असं लिहिलं होतं. खिडकी नाही, छताजवळ हातभर झरोका. दार लोखंडी, बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी बाहेरून. इथवर ठीक होतं, धान्याच्या खोलीला कडी बाहेरूनच असते. मग तिची नजर खाली गेली. फरशीला एका कोपऱ्याकडे उतार दाखवला होता आणि त्या कोपऱ्यात नहाणीला असते तशी पाणी जायची जाळी. भिंतींना छातीच्या उंचीपर्यंत फरशी बसवायची होती. दाराच्या तळाशी एक छोटी झडप. धान्याला पाणी जायची जाळी लागत नाही. कांद्याला झडप लागत नाही. सारिकाला यावलच्या माहेरच्या घरामागचा फिनेलचा वास आला, इतका स्पष्ट की तिनं मागे वळून पाहिलं. मागे फरशी पुसणारं कोणी नव्हतं, फक्त कपाट होतं आणि त्यावर जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या.

तिची बहीण कामिनी तिच्याहून आठेक वर्षांनी मोठी. सारिकाच्या वेण्या तीच घालायची, घट्ट, डोळे ताणले जातील इतक्या. लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत माहेरी आली, तेव्हा तिचे हात तेच होते पण वेणी अर्ध्यावर सोडून ती उठून जायची. आधी पाण्याशी बोलायला लागली. मग केळीच्या बागेत जाऊन बसायला लागली, भर उन्हात, पानांखालच्या ओलसर गारव्यात, आणि तिच्या साडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडायचे, ते कशानंही निघायचे नाहीत. एकदा लोकांनी तिला बस स्टँडवरून आणलं, तिच्या अंगावर धड कपडा नव्हता. त्यानंतर वडिलांनी पंपाच्या खोलीला लागून आणखी एक खोली बांधली. गवंडी दोन दिवस आला, कोणी काही विचारलं नाही, घरात कोणी काही सांगितलं नाही. खोली झाली आणि कामिनी त्यात राहायला लागली, एवढंच. दाराची खालची फळी कापलेली होती, तिथून ताट सरकवायचं काम सारिकाकडे होतं. ताट आत जायचं आणि चार बोटं दिसायची. कधी कधी फटीतून आवाज यायचा, अगदी रोजचा, वेणी घालताना असायचा तसा. “सारे, शाया सुटली का?” सारिका हो म्हणायची. रविवार असला, शाळा नसली तरी हो म्हणायची. पुढे ती डिप्लोमाला जळगावला गेली, तिथे पहिल्यांदा घराचा नकाशा काढायला शिकली, आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत असताना कामिनी तापानं गेली. पेपर संपल्यावर तिला कळवलं. आई, बेबाबाई, म्हणाली होती, “पेपर चालू होते तुहे, म्हनून सांगतलं नही.” सारिकानं मान हलवली होती, जणू ते बरोबरच होतं. तिला त्या वेळी रडू आलं नाही आणि नंतर रडायची वेळ निघून गेली. नवऱ्याला, दीपकला, एवढंच माहीत होतं की एक मोठी बहीण होती आणि ती तापानं गेली.

सरांना तिनं त्या दिवशी संध्याकाळी बंगल्याच्या त्या खोलीबद्दल विचारलं. हितेंद्र सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले की पार्टीनं स्टोअर सांगितलंय, आपण स्टोअर काढायचं. जाळीचं काय, तर धुवायला सोपं पडतं म्हणे. हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि सारिकाला कळलं की ही खोली माणसासाठी आहे हे त्यांनाही कळलेलं आहे, पहिल्या दिवशीच कळलेलं असणार. त्या रात्री भाकरी थापताना ती एक गोष्ट आठवायचा प्रयत्न करत राहिली. कामिनीच्या खोलीला खिडकी होती का? दार डोळ्यांसमोर येत होतं, फळी, कडी, कडीला बांधलेली सुतळीसुद्धा. खिडकी आठवेना. दुसऱ्या दिवशी तिनं यावलला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं. मग बेबाबाई म्हणाली, “त्या खोलीत आता ठिबकच्या नया ठेवेल हायेत.” आणि ठिबकच्या नळ्यांवरून केळीचा भाव पडल्याचं सांगू लागली. ऑफिसात येऊन तिनं फाईल उघडली, मागच्या खोलीची गल्लीकडची भिंत निवडली, ती मधोमध तोडली आणि तिथं खिडकी घातली, चांगली रुंद, बसल्या जागेवरून बाहेर दिसेल इतक्या उंचीवर, गज दाखवून. मग दोन्ही बाजूंचे भिंतीचे तुकडे भरले. मधली जागा कोरी राहिली. सही करताना सरांचं पेन त्या जागेवर क्षणभर थांबलं. “राहू द्या,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

पाया झाला, भिंती चढल्या. नकाशात होती म्हणून गवंड्यानं खिडकीची जागा सोडली, आणि मगच अभिमन नानांच्या लक्षात आलं. ते घरमालक. सोनगीरला किल्ल्याच्या बाजूला त्यांची कापसाची जमीन होती. ते धुळ्याला ऑफिसात आले तेव्हा सारिकाला वाटलं, आता आवाज चढेल, आणि त्यासाठी तिनं आतल्या आत शब्दही गोळा करून ठेवले. पण ते खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पाणी मागितलं. सर साइटवर गेले होते. नाना म्हणाले, ती खिडकी आम्ही सांगितलेली नव्हती. सारिका म्हणाली, हो, मी घातली. मग तिनं जमवलेले शब्द बोलायला सुरुवात केली, माणसाला उजेड लागतो, हवा लागते, कायद्यानंसुद्धा असं कोंडता येत नाही, आणि बोलता बोलता तिचा आवाज तिलाच परका वाटायला लागला, कोणीतरी शिकलेली बाई बोलतेय असा. नाना ऐकत राहिले. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तिचं झाल्यावर त्यांनी सांगितलं की मुलगा आहे, योगराज, चोविशीतला. आयटीआय केलेला. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यानं केली होती. मग झोप गेली, मग तारांतून कोणी बोलतंय म्हणायला लागला. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी नीट पाहिलं, गोळ्यांनी फरक पडला, मग तो गोळ्या जिभेखाली धरून थुंकायला लागला. हायवे घरापासून हाकेच्या अंतरावर. दोनदा तो मधोमध जाऊन उभा राहिला, ट्रकवाल्यांनी वाचवलं. तिसऱ्यांदा आईला, त्याला ओढायला गेलेल्या ताईबाईला, मोटारसायकल लागली. तेव्हापासून तो गोठ्यात होता. गोठ्यात कसा होता ते नानांनी सांगितलं नाही, फक्त स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं एकदा धरलं आणि सोडलं. त्यांनी ही खोली बांधायला घेतली होती ती त्याला गोठ्यातून घरात आणायला. फरशी, पाणी, पंखा. “तुमीच सांगा मॅडम,” ते म्हणाले, “मी त्याले कोठे ठेवू?”

खालून करवतीचा आवाज येत होता, प्लायवूड कापलं जात होतं, आणि तिला एकदम आपल्या वडिलांचे हात आठवले. खोली बांधत असताना ते गवंड्याला विटा देत होते. स्वतः देत होते, एकेक वीट हातात घेऊन, उन्हात. इतकी वर्षं ते हात तिनं आठवणीत येऊच दिले नव्हते. त्या चित्रात फक्त कडी होती आणि कडी कोणी लावली ते नव्हतं. नाना उठले. दारात थांबून म्हणाले की खिडकी राहू देऊ, ताईबाईपण तसंच म्हणते. ते गेल्यावर सारिका स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. आरशात तिला स्वतःचा चेहरा समाधानी दिसला आणि त्याची तिला भीती वाटली. पण समाधान होतंच, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पुढचे काही महिने ती दुसऱ्या घरांच्या भिंती भरत होती, शाळेच्या, दुकानांच्या गाळ्यांच्या, एका मंगल कार्यालयाच्या, आणि मधूनच कुठल्यातरी खिडकीची कोरी जागा दिसली की तिला सोनगीरची ती गल्लीकडची खिडकी दिसायची, तिच्यात ऊन पडलेलं, गजांना धरून एक मुलगा उभा. तो मुलगा तिनं पाहिलेला नव्हता. त्याला ती कामिनीचीच बोटं लावायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ताईबाईंचा फोन आला. नंबर सरांकडून घेतला होता. आवाज अगदी बारीक, शेजारी कोणी झोपलंय असा. “बाई, ती खिडकी बुजाडी टाका.” सारिकाला आधी समजलं नाही, मग खिडकी बुजवायची म्हणतात हे समजलं आणि तिनं कारण विचारलं. ताईबाईंनी जे सांगितलं ते तुटक होतं, पण सारिकाला ते एका जागी जोडायला वेळ लागला नाही. बाकी घर व्हायच्या आधीच ती खोली पूर्ण करून योगराजला तिथे आणलं होतं, आणि पहिले काही दिवस खरंच चांगले गेले. तो खिडकीत उभा राहायचा, जाणाऱ्या येणाऱ्याला नावानं हाक मारायचा, कुणाच्या घरातला कुठला बोर्ड कधी बसवला ते सांगायचा. लोक थांबायचे. मग मुद्दाम यायला लागले. पोरं त्याला विचारायची, तारेतून आज काय बातमी आली, आणि तो सांगायचा. “लोके दखाले येतस,” ताईबाई म्हणाल्या, “फोनमा धरतस त्याले.” नुसतं बघायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी त्याचं बोलणं मोबाईलमध्ये घेऊन पुढे पाठवलं होतं, वर गाणं लावून, आणि ते फिरत फिरत त्यांच्या सोयऱ्यांपर्यंत गेलं होतं. गल्लीकडचा पडदा त्यानं फाडला, पत्रा लावला तर तो रात्रंदिवस पत्रा वाजवायचा. मग एके दिवशी कोणीतरी गजांतून पेटलेली बिडी दिली. त्यानं दोन झुरके घेतले आणि उरलेली नंतरला राहावी म्हणून गादीखाली लपवून ठेवली. धूर दिसला तेव्हा नाना शेतात होते. दार उघडायला ताईबाईंना कडी सापडेना, समोर असून सापडेना. तो वाचला. उजवा हात भाजला. सारिका फोन कानाला धरून उभी होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या हाताच्या नखानं टेबलाच्या कडेची पट्टी उचकटतोय, बरीच उचकटली गेली होती. ताईबाई तिला दोष देत नव्हत्या. तसं काही त्यांच्या आवाजात असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की गवंडी उद्या येतोय, आणि नाना म्हणतात नकाशात आणि घरात फरक राहिला तर पुढे कागद अडतो, म्हणून सांगितलं.

फाईल उघडली तेव्हा तिला वाटलं होतं की काहीतरी आडवं येईल. कधी कधी येतं, कुठेतरी रेघेला रेघ मिळालेली नसते, केसाएवढी फट असते आणि संगणक म्हणतो की जागा बंद नाही, भरता येत नाही, मग ती फट शोधत तासभर जातो. तिनं खिडकी निवडली, पुसली. भिंतीच्या तुटलेल्या रेघा दोन्हीकडून ओढून जोडल्या. आत क्लिक केलं. भिंत भरली. पापणी लवायच्या आत भरली, आणि आधीच्या दोन तुकड्यांशी अशी मिळून गेली की मधे कधी काही होतं हे सांगता आलं नसतं. सर मागे येऊन उभे होते. त्यांनी तिच्या खांद्यामागून पाहिलं आणि घसा साफ केला. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः खाली जाऊन चहा सांगितला, एरवी ते कधी जात नसत. सारिकानं चहा घेतला. तिला वाटत होतं की आपल्याला काहीतरी व्हायला हवं, रडू, संताप, निदान डोकेदुखी, आणि काहीच होत नव्हतं, फक्त जिभेला चहाची चव लागत नव्हती.

पुढे घर पूर्ण झाल्याचा नकाशा द्यायचा म्हणून साइटवर जाऊन प्रत्येक खोली मोजणं आलं. सर म्हणाले, दुसऱ्या कोणाला पाठवू. ती म्हणाली, मीच जाते. का म्हणाली ते तिला एसटीत बसल्यावरही कळेना. खिडकीतून गरम वारा येत होता. सोनगीरच्या फाट्यावर उतरली तेव्हा किल्ल्याची टेकडी उन्हात पांढुरकी झाली होती आणि हायवेवर ट्रकांची रांग थांबत नव्हती. घर मोठं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. ताईबाई लंगडत पुढे आल्या, त्यांनी तिला बसवलं, गूळ-पाणी दिलं, हातात हात घेऊन जरा वेळ धरला. मग हॉल मोजून झाला, दोन बेडरूम, स्वयंपाकघर. नाना टेपचं टोक धरत होते. मागच्या खोलीच्या दारापाशी आल्यावर ते म्हणाले, ही राहू द्या मॅडम, नकाशात आहे तेवढीच आहे. सारिका म्हणाली, मोजावी लागेल. नानांनी ताईबाईंकडे पाहिलं आणि कडी काढली.

खोली स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की तिला लाज वाटली, कशाची ते कळलं नाही. पांढऱ्या फरशा, छताला जाळीत पंखा, झरोक्यातून आलेला हातभर उजेड समोरच्या भिंतीवर. जिथे खिडकी होती तिथलं प्लास्टर नीट घोटलेलं होतं, रंगही तोच होता. योगराज कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. दाढी केलेली, केस बारीक कापलेले, अंगात धुतलेला शर्ट. तिच्या मनातल्या मुलासारखा तो अजिबात नव्हता, जाडसर होता, गोळ्यांनी चेहरा सुजलेला. तो तिच्या तोंडाकडे न बघता हातातल्या टेपकडे बघत होता. नाना टोक धरायला पुढे झाले तेवढ्यात तो उठला आणि त्यानं हात पुढे केला. उजव्या तळव्याची कातडी गुलाबी आणि ताणलेली होती. नाना थबकले. सारिकानं टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. तो मागच्या भिंतीपर्यंत गेला, खाली बसला, टोक फरशीला समांतर, भिंतीला अगदी चिकटवून धरलं आणि म्हणाला, “वढा.” तिनं ओढलं, वाचलं, लिहिलं. मग तो न सांगता आडव्या भिंतीकडे गेला. मग उंची. तिथे तिचा हात पुरेना, तर त्यानं टेप वर ढकलत नेली आणि खाली ती वाकू नये म्हणून मध्ये दुसऱ्या हातानं आधार दिला. दारात ताईबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. टेपच्या पत्र्याचा आवाज तेवढा होत होता, आणि सारिकाला वाटलं की हे असंच चालू ठेवावं, दाराची रुंदी, झडप, झरोका, जाळी, सगळं पुन्हा एकदा, काहीतरी चुकलं म्हणावं आणि पहिल्यापासून मोजावं. तिनं झडप मोजली. जाळी मोजली, जिची कोणाला गरज नव्हती. त्यानं प्रत्येक वेळी टोक जागेवर धरलं. शेवटी लिहायला काही उरलं नाही. तिनं वही मिटली. तो टेप गुंडाळू देत देत तिच्यापर्यंत आला, सुटलं तर पत्रा हाताला लागतो म्हणून टोक हळू सोडलं, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

“आखो एखादी खोली मोजानी बाकी शे का, अक्का?”

सारिकानं बाहेर पाहिलं. स्वयंपाकघर, त्यापलीकडे हॉल, त्यापलीकडे उघडं पुढचं दार आणि दारात पडलेलं ऊन. नाना जमिनीकडे बघत होते.

“नाही,” ती म्हणाली. “झाल्या सगळ्या.”

त्यानं मान हलवली. काम संपल्यावर कामगार हलवतो तशी, समजल्याची. मग हात शर्टाला पुसले, वडिलांना दार लावायला अडचण होऊ नये म्हणून दोन पावलं मागे सरला, आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.